दुसरा खड्डा

संडास बांधून झाला की पहिली तीन-चार वर्षे त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. भांड्यात तांब्याभर पाणी ओतले की सगळे दिसेनासे होते, आणि दिसेनाशा झालेल्या गोष्टीचा विचार घरात कोणी करत नाही. मग एखाद्या पावसाळ्यात पाणी उतरायला वेळ लागू लागतो. तांब्याच्या जागी बादली ओतावी लागते. भांड्यातून बुडबुडे येतात, वास येतो. हे सगळ्यांत आधी घरातल्या बाईच्या लक्षात येते, कारण संडास घासायचे काम बहुतेक घरांत तिच्याकडेच असते. "खड्डा भरला वाटतं," ती म्हणते. त्या दिवशी घरात पहिल्यांदा प्रश्न निघतो, की आता हे काढायचे कोणी आणि टाकायचे कुठे?

2 ऑक्टोबर 2014 ला स्वच्छ भारत मिशन सुरू झाले आणि पाच वर्षांत देशाच्या खेड्यापाड्यांत कोट्यवधी संडास उभे राहिले. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग 2018 मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला. पहाटेच्या अंधाराची वाट पाहत दिवसभर पोट आवळून बसणाऱ्या बायकांचा त्रास त्यामुळे किती कमी झाला, हे शहरात वाढलेल्या माणसाला पुरते कळणार नाही. पण त्या काळात खणलेले खड्डे आणि बांधलेल्या टाक्या आता एकामागून एक भरत आहेत. मैला शेतात किंवा रस्त्याकडेला पडत होता तेव्हा तो गावभर विखुरलेला होता. आता तो घराघरांच्या पोटात साठला आहे. तो नीट हाताळला, तर त्याची माती होते. हयगय केली, तर तो विहिरीत उतरतो, नाहीतर टँकरमधून गावाबाहेरच्या ओढ्यात जातो.

आधी खेड्यातले घर घेऊ, कारण तिथला उपाय इतका साधा आहे की त्याच्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. त्याला दोन खड्ड्यांचा संडास म्हणतात. भांडे एक, खड्डे दोन. भांड्यातून निघालेला पाईप एका छोट्या चेंबरमध्ये येतो. तिथून इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन फाटे फुटतात आणि एकेका खड्ड्याकडे जातात. एका फाट्याच्या तोंडाशी वीट लावून ते बंद करायचे. मैला दुसऱ्या फाट्याने एकाच खड्ड्यात जातो. तो खड्डा भरला की चेंबरचे झाकण उघडायचे, वीट काढून दुसऱ्या तोंडाला लावायची आणि झाकण बंद करायचे. पुढे काही वर्षे करण्यासारखे काहीही नाही.

हिशोबही पाहण्यासारखा आहे. खड्डा साधारण 1 मीटर रुंद आणि 1 मीटर खोल असतो, म्हणजे त्यात पावणेआठशे लिटर मावते. मैल्यातला बराचसा भाग पाणीच असतो. ते जमिनीत मुरते, वायूही आजूबाजूच्या मातीत जिरतो, आणि जंतूंनी कुजवून उरलेला गाळ माणशी वर्षाला 40 ते 50 लिटर भरतो. पाच माणसांच्या घराचा हा खड्डा म्हणजे साडेतीन वर्षांच्या आसपास चालतो. दुसरा खड्डाही तितकाच चालणार असल्याने पहिल्याला निवांत पडून राहायला निदान तीन वर्षे मिळतात. त्याला खरी गरज असते ती दीड ते दोन वर्षांचीच. या काळात रोगजंतूंना नवे अन्न मिळत नाही आणि राहायला माणसाचे शरीरही मिळत नाही. कॉलरा, विषमज्वर, हगवण यांचे जंतू लवकर मरतात. सर्वांत चिवट असतात ती जंताची अंडी. ती महिनोन्महिने तग धरतात, आणि दीड वर्षाची अट आहे ती मुख्यतः त्यांच्यासाठी. एवढी मुदत गेल्यावर खड्डा उघडला तर आत काळसर, भुसभुशीत माती सापडते. तिला वास नसतो.

हे वाचून पटत नाही, पाहून पटते. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात अशा मुरलेल्या खड्ड्यात स्वतः उतरले आणि त्यांनी हाताने खत बाहेर काढले. त्याची छायाचित्रे देशभर छापून आली. एका बड्या अधिकाऱ्याने खड्ड्यात उतरणे ही बातमी व्हावी, यावरूनच आपल्याकडे या कामाला काय चिकटलेले आहे ते दिसते.

खड्ड्याची भिंत विटांची असते आणि त्या विटांमध्ये मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात. पाणी आणि वायू त्या फटींतून बाहेर पडतात. तळ कच्चाच ठेवायचा. गॅससाठी वेगळा पाईप उभा करायची गरज नसते. भांडे मात्र खास हवे. त्याचा उतार तीव्र असतो आणि त्याच्या कोंबड्यात, म्हणजे खालच्या वाकड्या नळीत, फक्त 20 मिलिमीटर पाणी अडलेले असते, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात ते साफ होते. दुकानातले शहरी भांडे बसवले की दरवेळी बादली लागते, आणि जिथे बाई दोन हंडे डोक्यावर आणते तिथे ही चूक रोज तिच्या मानेवर पडते. खड्ड्यात अंघोळीचे, भांड्याधुण्याचे पाणी सोडायचे नाही, कारण साबण आणि जादा पाणी कुजवणाऱ्या जंतूंचे काम बिघडवतात.

मग बिघडते कुठे? बहुतेक वेळा गवंड्याच्या हाताखाली आणि घरमालकाच्या मनात. अनेक गावांत एकच खड्डा असतो, दुसरा फक्त नकाशावर. कुठे दोन्ही खड्डे आहेत, पण मध्ये चेंबर नाही, म्हणून दोन्ही एकाच वेळी भरत जातात. कुठे पहिल्या खड्ड्यातून ओसंडलेले दुसऱ्यात जाईल असा पाईप टाकलेला असतो. तेव्हा पहिला खड्डा कधीच विश्रांतीला जात नाही आणि दोन खड्ड्यांचा सगळा अर्थच निघून जातो. गवंड्याला भिंत फटीफटीची ठेवणे म्हणजे कच्चे काम वाटते, तो प्रामाणिकपणे आतून सिमेंटचा गिलावा करतो आणि खड्ड्याची टाकी होते. त्याला दोष देण्याआधी त्याला कोणी बसवून समजावले होते का, हे विचारायला हवे. संडासाच्या अनुदानाची चर्चा गावात भरपूर झाली. जाळीदार भिंतीचे कारण गवंड्याला सांगायला मात्र फार थोडे लोक गेले.

घरमालकाच्या मनातली गोष्ट अधिक खोल आहे. "एकदाच मोठी टाकी बांधू, आपल्या हयातीत भरायला नको," असे लोक म्हणतात आणि कर्ज काढून दहा फूट खोल टाकी बांधतात. ज्यांच्याकडे पैसे नसतात ते खड्डा भरेल या भीतीने संडास कमी वापरतात. घरातल्या म्हाताऱ्यांना आणि बायकांना तो राखून ठेवतात आणि पुरुष पुन्हा शेताकडे जातात. या भीतीच्या मुळाशी खड्डा उपसण्याची लाज आहे, आणि त्या लाजेच्या मुळाशी जात आहे. मैला काढणे हे ठरावीक जातींच्या माथी मारलेले काम. टोपल्यांचे संडास होते तेव्हा तो मैला डोक्यावरून वाहिला जाई, आणि वाहणाऱ्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई. मुरलेली माती ही साधी माती आहे हे विज्ञान सांगते, पण ती उचलायला हात पुढे होत नाही, कारण हाताला शिकवलेले वेगळेच असते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला एका माणसाने आयुष्य दिले. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन, कोकणातल्या ब्राह्मण घरातले. 1932 मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी सफाईचे काम मागितले. ते काम ठरलेल्या जातीच्या कैद्यांचेच, म्हणून तुरुंगाने नकार दिला. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले. येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण सुरू केले, आणि सरकारला नमते घ्यावे लागले. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैला मातीआड करून त्याचे खत करणारे साधे, कमी खर्चाचे संडास करून पाहिले आणि लोकांना शिकवले. ब्राह्मण माणसाने झाडू हातात घेतला एवढ्यावर ते थांबले असते, तर ती एक थोर कृती म्हणून संपली असती. ते थांबले नाहीत. मैला हातात घ्यायची वेळच कोणावर येऊ नये अशी रचना ते शोधत राहिले, आणि मला त्यांचे मोठेपण तिथे दिसते. सफाईच्या कामाला पवित्र ठरवण्याला बाबासाहेब आंबेडकरांनी कडाडून विरोध केला होता, कारण पवित्र म्हटले की ते काम करणाऱ्याने त्यातच राहावे असे सुचवले जाते. हा आक्षेप कायम डोळ्यांपुढे ठेवायला हवा. दोन खड्ड्यांचा संडास मला मोलाचा वाटतो तो याच कारणाने. त्यात प्रत्येक घर आपली माती आपणच काढते.

अप्पासाहेबांचे हे काम देहूत एका डॉक्टरांनी पुढे नेले. डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर 1959 मध्ये देहूच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. तुकोबांच्या गावी, जिथे वारीला लाखो पावले येतात, तिथे संडास जवळजवळ नव्हतेच. पोटाच्या त्याच त्या आजारांसाठी तीच ती औषधे देऊन रोग हटणार नाही, हे त्यांनी ओळखले. सुरुवातीला बांधलेले संडास पावसात ढासळले. दुसरा कोणी असता तर दवाखान्यात परत जाऊन बसला असता. त्यांनी अप्पासाहेबांकडून शिकून घेतले, मैल्यावर चालणाऱ्या बायोगॅस संयंत्राची स्वतःची रचना केली आणि तिला 'मलप्रभा' नाव दिले. घरातल्या माणसांच्या मैल्यावर त्याच घराचा चहा उकळतो ही कल्पना देहूत त्यांनी पचनी पाडली. त्यासाठी त्यांना किती उंबरे झिजवावे लागले असतील याचा मी अनेकदा विचार करतो. 2015 मध्ये ते गेले, 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता जमिनीकडे वळू, कारण एकच नकाशा सगळ्या महाराष्ट्राला चालत नाही. मुरमाच्या जमिनीत खड्डा उत्तम चालतो. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी जिरू देत नाही. तिथे खड्डा थोडा मोठा खणून विटांच्या भिंतीभोवती वाळूचा किंवा मुरमाचा सुमारे 30 सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा लागतो. कोकणात पावसाळ्यात विहिरीचे पाणी काठाला येते, म्हणजे खड्डाही पाण्यातच उभा असतो. अशा जागी खड्डे उथळ ठेवून त्यांचे तोंड जमिनीच्या वर उचलायचे आणि भोवती मातीचा भराव घालायचा. सर्वांत फसवी जागा म्हणजे भेगाळलेला काळा कातळ. वाळूमातीतून पाणी झिरपते तेव्हा ती जंतूंना गाळून घेते. कातळाच्या भेगेत गाळणी नसते. तिथून मैल्याचे पाणी सरळ शेजारच्या बोअरमध्ये जाऊ शकते आणि वर कोणालाही काही दिसत नाही. विहीर-बोअरपासून किमान 10 मीटर अंतर हा नियम सर्वसाधारण मातीसाठी आहे. कातळावर तेवढ्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

तालुक्याच्या गावात गोष्ट बदलते. घरे एकमेकांना चिकटलेली, अंगण नाही, दोन खड्डे खणायला जागा नाही. भुयारी गटार लहान शहरांना परवडत नाही. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागातली 32.7 टक्के घरे गटाराच्या पाईपला जोडलेली होती आणि 38.2 टक्के घरांत सेप्टिक टँक होती. म्हणजे शहरी भारतातही गटारापेक्षा टाक्यांवर जगणारी घरे जास्त होती.

सेप्टिक टँक या नावाखाली बरेच काही खपते. खरी सेप्टिक टँक पाणी न गळणारी असते, तिच्यात मध्ये भिंत असते, आणि मैल्याचे पाणी तिच्यात निदान एक-दोन दिवस थांबते. जड भाग तळाशी बसतो, तेल-चरबी वर तरंगते, मधले पाणी बाहेर जाते. हे पाणी निवळलेले दिसते, पण त्यात रोगजंतू भरपूर असतात, म्हणून ते शोषखड्ड्यात गेले पाहिजे. आपल्या गावांतल्या कितीतरी टाक्यांचे पाणी थेट दारासमोरच्या उघड्या गटारात जाते. मुलांचा चेंडू त्याच गटारात पडतो आणि तो हातानेच काढला जातो. शिवाय टाकी जुनी झाली की तळाचा गाळ वाढत वाढत मैल्याची जागा खातो. मग पाणी न थांबता आले तसे निघून जाते. टाकी आहे, पण ती काहीच करत नाही, आणि घरात कोणाला पत्ता नाही. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा असे सांगितले जाते. प्रत्यक्षात लोक टाकी तुंबली की मैला उपसणारी गाडी बोलावतात, आणि ती वेळ आठ-दहा वर्षांनी येते. काही घरांत तर टाकीच्या झाकणावर फरशी बसलेली असते, वर स्वयंपाकघर किंवा जिना आलेला असतो.

गाडी आली नाही, की माणूस बोलावला जातो. याविषयी मला थांबून लिहावेसे वाटते. बंद टाकीत मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात, प्राणवायू उरत नाही. हायड्रोजन सल्फाइडचा वास थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा येतो. तो फार वाढला की नाकाची जाणीवच मरते, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटते आणि नेमके तेव्हाच माणूस मरतो. आत गेलेला कोसळतो, त्याला ओढायला दुसरा उतरतो, तो कोसळतो, मग तिसरा. एकाच टाकीत दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि त्यांत कधी बाप-लेक असतात, कधी सख्खे भाऊ. माणसाकडून मैला उचलून घेण्यावर बंदी घालणारा कायदा 1993 मध्ये झाला, 2013 मध्ये तो अधिक कडक झाला आणि सुरक्षा साधनांशिवाय टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरला. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूंसाठी 10 लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाखांवर नेली. तरीही लोक उतरवतात. थोड्या पैशांत काम होते म्हणून उतरवतात. ज्या घराने माणूस उतरवला, त्या घराला त्याचे नावही बहुधा माहीत नसते.

यावरचा उपाय वाई आणि सिन्नर या दोन गावांनी करून दाखवला. कृष्णाकाठच्या वाईत 2018 मध्ये आणि त्यामागोमाग नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरला नगरपालिकेने टाकी उपसण्याचे वेळापत्रक आखले. टाकी तुंबायची वाट न पाहता गावाचे भाग पाडायचे आणि गाडी गल्लीगल्लीने अशी फिरवायची की तीन वर्षांत प्रत्येक टाकी एकदा उपसली जाईल. घंटागाडी रोज दारात येते, तशी ही गाडी तीन वर्षांतून एकदा येते. गाडी आली की घरमालकाने रोख पैसे द्यायचे नाहीत. खर्च स्वच्छता कर आणि पालिकेच्या उत्पन्नातून भागवायचा. ठेकेदाराला प्रत्यक्ष उपसलेल्या टाक्यांचे आणि प्रकल्पावर पोचवलेल्या मैल्याचे पैसे मिळतात. हा तपशील कोरडा वाटेल, पण सगळे मर्म त्यातच आहे. खेपेचे पैसे घरमालकाकडून मिळत असतील, तर चालकाला मैला जवळच्या ओढ्यात सोडून लवकर पुढच्या गिऱ्हाइकाकडे जाणे फायद्याचे असते. पैसे प्रकल्पाच्या दारात मिळत असतील, तर तो प्रकल्पाच्याच दारात येतो.

प्रकल्पात काय होते? टाकीचा गाळ गटाराच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट दाट असतो, तरी त्यातही 95 टक्क्यांहून अधिक पाणीच असते. सगळी लढाई घन आणि पाणी वेगळे करण्याची आहे. सर्वांत साधी पद्धत वाळवणाच्या वाफ्यांची. खाली खडी, वर वाळू, तिच्यावर 20 ते 30 सेंटिमीटर जाडीचा गाळ पसरायचा. पाणी खालून झिरपून जाते, वरचे उन्हात वाळते. आपल्याकडे उन्हाळा या कामाला मोठा मदतनीस आहे, आणि पावसाळ्यासाठी वर पारदर्शक छप्पर घालावे लागते. झिरपलेले पाणी खडीच्या वाफ्यातून नेतात. तिथे कर्दळीसारखी झाडे लावलेली असतात आणि त्यांच्या मुळांभोवतीचे जंतू उरलेली घाण खातात. वाळलेला गाळ ओल्या कचऱ्यात मिसळून ढीग लावला, की ढीग आतून तापतो. तो 50 ते 60 अंशांवर काही दिवस राहिला की जंताची अंडीही मरतात. वाईच्या प्रकल्पात गाळ वाळवून जवळजवळ हवाबंद भट्टीत भाजतात आणि त्याचा कोळसा होतो. जागा कमी लागते, पण यंत्रे सांभाळणारा माणूस कायम हवा. लहान गावाने मला विचारले, तर मी आधी वाळवणाचे वाफे सांगेन. वाफा बिघडला तर गावातलाच माणूस फावड्याने दुरुस्त करू शकतो.

देशातला मैल्यावर प्रक्रिया करणारा असा पहिला प्रकल्प 2015 मध्ये बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीत उभा राहिला. 2017 मध्ये केंद्राने मैला व सेप्टेज (म्हणजे टाकीतला गाळ) व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण आणले आणि 2020 पासून स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात खेड्यांतल्या मैल्याचाही विचार सुरू झाला. एकेका गावाला प्रकल्प परवडणारा नाही, म्हणून जवळच्या शहरात सांडपाण्याचे केंद्र असेल तर भोवतालच्या खेड्यांच्या गाड्यांनी तिथेच रिकामे व्हावे, नसेल तर गावांच्या गटासाठी एक प्रकल्प असावा अशी मांडणी आहे. ती योग्य आहे. मात्र गाडी वीस-पंचवीस किलोमीटरच्या पलीकडे नेणे डिझेलच्या हिशोबात बसत नाही, आणि तिथेच चालकाला ओढा दिसू लागतो. म्हणून माझा आग्रह राहील की जिथे अंगण आहे तिथे गाडीची गरजच पडू नये. मोठी टाकी बांधायला निघालेल्या खेड्यातल्या माणसाला दोन खड्ड्यांकडे वळवले, तर एक गाडी, एक फेरी आणि कदाचित एक जीव वाचतो.

ज्यांच्या घरी दोन खड्डे आहेत त्यांच्यासाठी शेवटची सूचना. वीट फिरवली ती तारीख लिहून ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिलेली तारीख चालत नाही, कारण जानेवारीत कॅलेंडर बदलते आणि दीड वर्षाची आठवण त्याबरोबर रद्दीत जाते. चेंबरच्या झाकणाच्या कडेला मूठभर सिमेंट कालवून लावावे आणि ते ओले असतानाच खिळ्याने महिना आणि साल कोरावे. घरात सून नवी येते, मुलगा नोकरीला पुण्याला जातो, सासरे थकतात. झाकण उचलणारा कोणीही असो, कोणता खड्डा उघडायचा आणि कोणत्याला अजून हात लावायचा नाही, हे त्याला तिथेच वाचता आले पाहिजे.